मुठीत मावणारी सुरी

३ तारीख, मंगळवार

आणि सून वर तोंड करून सांगते काय, तर सुरी कोबीच्या देठात अडकून मोडली. कोबीच्या देठात? कोबी मी कापते. पहाटे पाचला उठून मी बसते कोबी कापायला, ही नाही. हिचं काम धुण्याचं. मग सुरी घेऊन ही देठाजवळ गेलीच कशाला? तेलाच्या डब्याचं झाकण उचकटलं असणार, दुसरं काही नाही. टोक गेलं. नखाएवढं टोक, पण सुरीचा सगळा जीव तिथेच होता. मिरचीचं बी त्यानेच काढायचं, पावाच्या पुडक्याची दोरी त्यानेच तोडायची, तव्याच्या कडेला धरलेलं अंडं त्यानेच सोडवायचं. चौदा वर्षं वापरली. हे गेले त्याच्या पुढच्या महिन्यात मी अंडा-पावाची गाडी लावली, तेव्हाची सुरी.

मुलगा म्हणाला, "आई, सुरीच आहे ना. दुसरी आणू."

म्हटलं, "तुझ्या टेम्पोचं चाक बसलं की दुसरा टेम्पो आणतोस का?"

तो गप्प जेवला. सून पण गप्प. ती गप्प बसली की मला जास्त राग येतो. उलट बोलली असती तर निदान भांडून मोकळी झाले असते.

मी तिसरीपर्यंत शिकले. एक ओळ लिहायला मला वेळ लागतो आणि तेवढ्यात राग अर्धा होतो. वही त्यासाठीच घेतली आहे.

५ तारीख, गुरुवार

बाजारातून नवी सुरी आणली. चकचकीत, आरशासारखी. दुकानदाराने कागद कापून दाखवला. म्हटलं, मी कागद विकत नाही.

गाडीवर पहिल्याच दिवशी कळलं, लांब आहे. तव्याच्या उजवीकडे मला वीतभर जागा. तिथेच अंड्यांचा ट्रे, सॉसची बाटली, मिठाचा डबा. हात मागे घेतला की टोक बाटलीला लागतं. दोनदा बाटली पडली. मूठ प्लास्टिकची, तेलाचा हात लागला की मासा धरल्यासारखी सुळकन निसटते. बस डेपोची गर्दी सुटल्यावर कुणाला वेळ आहे हात पुसायला?

आणखी एक. सून म्हणाली, "आई, शिलाईच्या कारखान्यात जागा आहे. एक तारखेपासून या म्हणतात. अठ्ठावीसला, शनिवारी सांगायचंय."

"जा की," म्हटलं. "मी काय बांधून ठेवलंय?"

मग कोबीचा टब उचलून धुवायला घेऊन गेली. कोबी धुवायला हिला अर्धा तास लागतो. मी पाच मिनिटांत उरकला असता. पण धुऊ दे, तेवढ्यात माझी अंघोळ होते.

गेली तर एक तोंड कमी होईल सकाळी. मी एकटी पुरून उरते.

९ तारीख, सोमवार

मुलाने सुरी आणली. दगडासारखी पांढरी, हलकी. म्हणे हिला धार लावावीच लागत नाही. खोटं कशाला बोलू, कापते सुंदर. टोमॅटोला कळतच नाही आपल्याला कापलं ते. मी खूश होते दुपारपर्यंत. मग कंडक्टरला सुटे देताना कोपर लागलं, सुरी रस्त्यावर पडली आणि दोन तुकडे झाले. काचेच्या बशीसारखे.

कंडक्टर माझा रोजचा. पाव खाताखाता खाली वाकून तुकडे गोळा करून दिले आणि म्हणाला, "मावशी, सुरी कसली पण आणा. कोबी मात्र असाच राहू दे. डेपोत सगळे तुमच्या कोबीसाठी येतात. केसासारखा असतो."

बरं वाटलं. चौदा वर्षांचा हात आहे, उगाच नाही. सकाळी अंगठा जरा आखडतो, चिमटीत जोर राहत नाही. पण पाण्यात हात असला की सगळ्यांचंच होतं तसं.

१२ तारीख, गुरुवार

चिकनवाल्याकडून त्याची हाडं सोडवायची सुरी मागून आणली. आखूड, ताठ, मूठ भरून येणारी. हातात घेतल्याबरोबर वाटलं, ही खरी. आणि अंगठा कापला.

चूक सुरीची नाही. मी हातातच कापते. गाडीवर पाट ठेवायला जागा नाही, म्हणून कांदा डाव्या तळव्यात आणि सुरी उजव्या अंगठ्याकडे ओढायची. अंगठा हाच माझा पाट. चिकनवाल्याच्या सुरीला मुठीपर्यंत धार. माझ्या जुन्या सुरीला मुठीजवळ धार नव्हतीच. मला चौदा वर्षांत हे माहीतच नव्हतं. झिजून झिजून तिने ती जागा आपणहून बोथट केली होती, माझ्या अंगठ्यासाठी.

चिकनवाला चिंधी बांधता बांधता म्हणाला, "मावशी, तुम्ही तयार सुरी घेऊच नका. चष्मेवालीकडे जा. वखारीच्या मागे. ती तुमचा हात बघून करून देते. पण तिच्याशी जरा सांभाळून बोला."

"का?"

"ती तुमच्यासारखीच आहे."

१४ तारीख, शनिवार

गेले चष्मेवालीकडे. लाकडाच्या वखारीमागे पत्र्याची खोली, एक धार लावायचं चाक, एक बाक, बाकाला लोखंडी पकड. बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. एकावर एक दोन चष्मे घालते, एक दिसायला आणि एक ठिणग्यांसाठी. वर बघितलंसुद्धा नाही.

म्हटलं, "सुरी पाहिजे."

"दुकान बाजारात आहे."

"तयार सुऱ्या तीन झाल्या."

"मग अक्कल आली," म्हणाली आणि हात पुढे केला. मी जुनी सुरी दिली.

ती सुरी तिने किती वेळ बघितली म्हणून सांगू. उजेडाकडे धरली, पालथी केली, नखाने धारेवरून गेली, मूठ नाकाजवळ नेली. मला गाडी लावायची होती, मी दोनदा खोकले. ती म्हणाली, "घसा बसला असेल तर बाहेर पाणी आहे."

मग बोलायला लागली. कांदा जास्त, कोबी त्याहून जास्त. लिंबू कापून पुसत नाहीस, इथे डाग बघ. दोरी तोडतेस. हातात कापतेस. तव्याला घासतेस आणि घासू नये. मी एक शब्द बोलले नव्हते. ज्योतिष सांगणारे माझं नशीब तोंड बघून सांगतात आणि चुकतात. ही लोखंडावर बघून सांगते आणि एक पण चुकली नाही. माझ्या आयुष्यात इतकं बारीक कुणी माझ्या कामाकडे बघितलेलं नाही. आमच्या ह्यांनी पण नाही.

एका ठिकाणी मात्र चुकली. मुठीवर बोट ठेवून म्हणाली, "आणि ही दोघींची सुरी आहे."

"नाही. माझी एकटीची."

"हा खळगा उजव्या अंगठ्याचा. काळा पडलाय, जुना आहे. हा दुसरा इकडचा बघ. डाव्या अंगठ्याचा. लाकूड अजून पांढरं आहे. वर्षभराचा."

"मी डावरी नाही."

"मी कुठे म्हणाले तू डावरी आहेस?"

वाद घातला असता, पण उशीर झाला होता, सुरी परत घेतली. म्हणाली, सोमवारी ये, एक कोबी घेऊन ये, माझ्यासमोर काप.

१६ तारीख, सोमवार

कापला. बाकावर बसून चष्मेवालीसमोर अख्खा कोबी कापला. ती कोबीकडे बघतच नव्हती. माझ्या मनगटाकडे बघत होती. मध्येच माझा अंगठा धरला आणि मागे वाकवला. मी ओरडले.

"किती दिवस?"

"काही नाही, आखडतो."

"किती दिवस विचारलं."

"झालं असेल वर्ष."

तिने कापलेला मूठभर कोबी उचलून बाकावर पसरला. खरं लिहायचं तर जाड होता. माझं मलाच नवल वाटलं. म्हणाली, "गाडीवर असाच विकतेस?"

"छे. बारीक असतो. डेपोत विचारा कुणालाही."

"मग तो बारीक कोण करतं?"

काहीतरीच विचारते. जागा नवी, उंची वेगळी, वर हिचे चार डोळे माझ्या हातावर. कोण कापेल बारीक? एवढं म्हटलं तर ती हसली आणि पातं शोधायला गेली. आठ दिवसांनी सोमवारी ये म्हणाली. आठ दिवस सुरी करायला. मी आठ दिवसांत घर बांधलं असतं.

पण येताना चिडचिड नव्हती. दारापाशी थांबून बघत राहिले थोडा वेळ. लाकूड कापायच्या पट्टी करवतीचं जुनं पातं घेतलं तिने, पकडीत अडकवलं आणि धनुष्यासारखं वाकवलं. मला वाटलं, मोडलं आता. सोडलं तर सरळ. पुन्हा वाकवलं, पुन्हा सरळ. म्हणाली, "कडक पाहिजे असतं सगळ्यांना. कडक मोडतं. हे वाकतं आणि परत येतं. गाडीवर हेच टिकतं."

१७ तारीख, मंगळवार

सकाळपासून डोक्यात तेच. कोण बारीक करतं.

कोबी कापला, नेहमीसारखा सुनेने टब नेला, मी अंघोळीला गेले. दोन तांबे ओतून घेतले आणि बाहेर आले. स्वयंपाकघराच्या दारातून दिसली. पाठमोरी, जमिनीवर बसलेली. टब दोन पायांच्या मध्ये. माझे जाड काप एकेक वेचून उजव्या हातात धरायची आणि डाव्या हाताने कापायची. त्याच मोडक्या सुरीने. टोक नाही, म्हणून देठाजवळ सुरी तिरकी करत होती. तेव्हा कळलं, टोक कशात मोडलं ते.

मी तिथेच उभी. पदराचं पाणी फरशीवर गळत होतं.

काय हात आहे पोरीचा. आवाज नाही, घाई नाही. सुरी कोबीवर फिरते आणि खाली धागे पडतात. मी माझ्या चांगल्या दिवसांत असं कापलं असेल की नाही, सांगता येत नाही. बहुतेक नाही. सगळं झाल्यावर तिने वर दोन ओंजळी पाणी शिंपडलं, धुतल्यासारखं दिसावं म्हणून.

मी मागच्या पावली न्हाणीत गेले आणि बादली वाजवली.

गाडीवर कंडक्टर आला. म्हटलं, "खरं सांग, कोबी पहिल्यापासून असा आहे का?"

"रागावणार नसाल तर सांगतो."

"रागावेन. सांग."

"गेल्या वर्षी मधे जाड यायला लागला होता. मी बाजूला काढायचो. मग एकदम सुधारला. आम्ही म्हटलं, मावशींनी मनावर घेतलं."

मावशींनी मनावर घेतलं. मी त्याला पाव जास्त भाजून दिला.

१८ तारीख, बुधवार

सून घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने कांदा चिरत होती. मी काय म्हणाले ते मला चांगलं आठवतं. म्हणाले, उलट्या हातात सुरी बघून माझ्या अंगावर काटा येतो, तू सुरीला हात लावू नकोस, भांडी घास. सहा वर्षं झाली. तिने नंतर माझ्यासमोर कधी सुरी धरली नाही. सफरचंदसुद्धा नवऱ्याकडून कापून घेते. मला वाटायचं, लाडावली आहे.

एवढंच लिहिते आज. हात दुखतो. खरंच दुखतो, पाण्याने नाही.

२३ तारीख, सोमवार

सुरी मिळाली.

आधी चष्मेवालीने चाकावर शेवटचा हात फिरवला तो बघितला. दोन श्वास घासायचं, लगेच पाण्यात बुडवायचं. पुन्हा दोन श्वास. म्हटलं, "एकदम घासून टाका की." म्हणाली, "तापलं की पात्याचा जीव जातो. मग वर्षभर धार लावत बस आणि मला शिव्या दे." बाईच्या हातावर ठिणग्या उडत होत्या आणि तिचं लक्षसुद्धा नव्हतं. मी उभ्या जन्मात कुणासमोर पाऊण तास गप्प उभी राहिलेली नाही. आज राहिले.

सुरी पाच बोटं लांब. पातं पाठीला जाड, धारेला कागद. मुठीजवळ बोटभर जागा तिने मुद्दाम बोथट ठेवली, तिथे माझा अंगठा येतो. मूठ जुन्या हातोड्याच्या दांड्याची, तेल पाजून काळी केलेली आणि लठ्ठ. इतकी लठ्ठ कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "बारीक मूठ धरायला चिमटी लागते. तुझी चिमटी गेली. ही सगळ्या तळव्याने धर." धरली. वर्षभरात पहिल्यांदा अंगठा ओरडला नाही.

धार एकाच बाजूने आहे, उजवीकडून. त्यामुळे काप पात्याला चिकटत नाही, आपोआप बाहेर पडतो. गंजेल म्हणाली, पुसत जा, रात्री तेलाचा हात फिरव, आणि तव्याला घासलीस तर परत तोंड दाखवू नकोस.

गाडीवर काढली आणि तीन तास हातातून सोडली नाही. कांदा, मिरची, उकडलेला बटाटा, पुडक्याची दोरी. एकदा पडली, उचलली, पुसली, पुढे. असली गुणी वस्तू मी दुसरी बघितली नाही. चिकनवाला बघायला आला तर हातात दिली नाही, लांबूनच दाखवली.

फक्त कोबी. कांदा झाला, सगळं झालं. कोबी बरा झाला, पण केसासारखा नाही. सुरीत काही कमी नाही. तिने करायचं ते सगळं केलं.

२५ तारीख, बुधवार

आज सुनेला मुद्दाम म्हटलं, "ही नवी घे आणि कांदा चिर."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी?"

"इथे दुसरं कोण आहे?"

तिने हात पदराला पुसून सुरी घेतली. डाव्या हातात घेऊन लगेच उजव्यात घेतली. म्हटलं, "डाव्यात घे." घेतली. दोन काप केले आणि थांबली. सुरी आत आत ओढत होती, काप वाकडे, जाड. लाल झाली अगदी. "नाही जमत मला, आई. तुम्हीच कापा."

मी सुरी उलटसुलट करून बघितली. धार उजवीकडून. डाव्या हाताला ती आतच खेचणार. हिच्या हातात काही खोट नाही, सुरी हिच्यासाठी केलेलीच नाही. एवढं बोलायला हवं होतं. मी काय बोलले? "बरं, राहू दे." आणि ती टब घेऊन गेली.

दुपारी गाडी मुलाकडे सोपवून चष्मेवालीकडे गेले. म्हटलं, दुसरी करा, अशीच.

"मोडलीस?"

"नाही. डाव्या हाताची पाहिजे."

दोन्ही चष्मे वर केले तिने. पहिल्यांदा डोळे दिसले. कुत्सित बोलेल वाटलं, पण तसं काही नाही. म्हणाली, "ती आहे का अजून? की गेली?"

"शनिवारी कारखान्याला हो म्हणायचंय तिला."

"मग तू डाव्या हाताची सुरी कुणासाठी करून घेतेस?"

तिने पातं कापून बाजूला ठेवलं. म्हणाली, शनिवारी सकाळी चाक लावते. एकदा एका बाजूने धार काढली की ती परत फिरवता येत नाही. विचारून ये. डावी सांगितलीस तर डावी. आली नाहीस तर एका भाजीवालीसाठी उजवी काढीन.

२६ तारीख, गुरुवार

सुनेशी बोलायला दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं आणि एकदा विचारलं दार लावलं का. म्हणून हे पान तुझ्यासाठी लिहिते. वहीत आधीचं पण आहे ते वाच, सगळं वाच, माझी लाज गेली तरी चालेल. सकाळी टबावर ठेवीन. कोबी मी कापणार नाही, अख्खा ठेवीन.

पहिली गोष्ट. तू एक वर्ष माझा कोबी कापलास आणि कुणाला कळू दिलं नाहीस, मला पण नाही. लोक मला मान देत होते तो तुझा होता. आता डेपोत सगळ्यांना सांगेन, कंडक्टरला सगळ्यात आधी.

दुसरी. उलटा हात म्हणाले ते चुकले. तो चांगला हात आहे, माझ्या दोन्ही हातांपेक्षा चांगला. एकदाच लिहिते, परत परत वदवून घेऊ नकोस. टोकासाठी बोलले ते पण चुकले.

तिसरी. माझा अंगठा बरा होईल असं मला वाटत नाही. तू गेलीस तर मी कांदा आणि अंडं एवढ्यावर गाडी ओढीन, कोबी बंद करीन. ओढीन, नाही असं नाही. पण ती गाडी वेगळी असेल. तू आलीस तर धुवायला नाही, समोर उभी राहायला ये. गाडी अर्धी तुझी. तवा मी बघेन, कापणं सगळं तुझं, आणि कापण्यात मी बोलणार नाही. बोलले तर सुरी दाखव.

कारखान्यात जायचं असेल तर जा. खरंच जा. तिथे बसून काम आहे, सावली आहे. मी रागावणार नाही. रागावेन, पण दोन दिवस. एवढं मात्र विचारून घे, तिथल्या कात्र्या कोणत्या हाताच्या आहेत.

मी उद्या, शुक्रवारी, गाडी आवरून दिवे लागायच्या आत घरी येते. तोवर ठरव. नुसती मान हलवायची नाही, गप्प राहायचं नाही, नवऱ्याकडून निरोप पाठवायचा नाही. मला तोंडाने सांग. परवा सकाळी चष्मेवालीला मी काय सांगू, डावी का उजवी?